आखाड्यात पडलो त्याची हकीकत

हैदराबाद
माघ, सन १९३९

माझ्या मायला,
तातेराव तुझ्या पायावर डोकं ठिवून सांगतो की मी आता बराबर हाये. गावचा रामकिशन तिकडं आलता, मी आखाड्यात चक्कर येऊन पडलो हे त्यानं सांगितलंच असंल. खरं हाये, पण घाबरू नको.

इथं तालमीत समदे मटण खातेत. माझ्या गळ्यात माळ, म्हणून मी कोपऱ्यात दोन भाकरी अन् मिरची खायचो. वर रोज हजार बैठका. आणखी मागायची लाज वाटायची.

पडलो तवा वाटलं, वस्ताद आता गावाकडं धाडतेत. पण ते जवळ बसून म्हणाले, "बेटा, भूखे पेट जोर कायकू मारता? गोश्त नक्को तो बोलना था!"

तवापासून ते सोता मला बदाम घोटून देतेत. दूध, तूप, भिजलेले हरभरे, डाळ-भाकरी पोटभर चालू हाये. काल सबंध कुस्ती खेळलो, पाय लटपटले न्हाईत.

बापूचा खोकला कमी झाला का? अन् माय, तू दिवसभर जवारी काढतीस अन् समद्यांचं झाल्यावर उरलेलं खातीस. आता आधी आपलं ताट वाढून घेत जा.

तुझं लेकरू,
तातेराव