पुस्तकातल्या दोघी बहिणी

माय, भात करपला त्या दिवसापासून सांगते. बारावीची परीक्षा होऊन आठवडा झाला असेल. सुट्टीत वाच म्हणून शाळेतल्या बाईंनी मला एक जाड कादंबरी दिली होती. पाचशेच्या वर पानं, पुठ्ठा निघालेला, कडेनं सुतळीनं शिवलेली. दोन सख्ख्या बहिणी एकाच घरात जावा होऊन येतात आणि पुढं त्यांच्यात बोलणं बंद होतं, अशी त्या घराची तीन पिढ्यांची गोष्ट. चुलीवर भात ठेवून मी तिथंच पाटावर वाचत बसले होते. तू बाजारातून मासोळी विकून आलीस, रिकामी टोपली दारात आपटलीस आणि धावत येऊन भाताचा गंज खाली उतरवलास. मला मारायला हात उचललास, तेवढ्यात माझं तोंड दिसलं.

"कोण मेलं वं?"

"कोणी नाई."

"मंग रडून काऊन राह्यली?"

"पुस्तकात... थोरली घर सोडून गेली."

"पुस्तकातल्या बाईपायी माह्या घरचा भात जाळला तुनं?" असं म्हणून तू गंज घासायला बसलीस. राखेनं दोनतीनदा जोरात घासलंस आणि मग मान वर न करताच विचारलंस, "पण काऊन गेली ते?"

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी आपलं वाचन सुरू झालं. बाबा बोडीवर, गावच्या तळ्यावर, मासे धरायला गेलेले असायचे. तू छपरीत खांबाला जाळं बांधून त्याचे फाटलेले डोळे सांधायचीस आणि मी समोर बसून वाचायचे. पहिल्या दिवशी तू फक्त ऐकलंस. तिसऱ्याचौथ्या दिवशी तू त्या माणसांशी बोलायला लागलीस. धाकटी खोटं बोलली की तू म्हणायचीस, "हे काई बरं नाई केलं तुनं." सासरा थोरलीवर ओरडला की तुझी सुई थांबायची. शेजारच्या काकूनं एकदा कुंपणावरून विचारलं, "कोन्या गावची वं ही थोरली? रोज तिचंच नाव आयकून राह्यली मी." तू म्हणालीस, "पुस्तकातली हाय. पण आपल्यातलीच समज." काकू हसली आणि दुसऱ्या दिवशी आपलं निवडायचं सूप घेऊन तीही येऊन बसली. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटायचा, आणि थोडी लाजही. तू अक्षर न ओळखणारी, अंगाला मासोळीचा वास येणारी बाई, आणि पुस्तकातल्या त्या मोठ्या शहरी घरात तू अशी वावरायचीस जणू तिथली सून तूच आहेस.

मग ते चिठ्ठीचं प्रकरण आलं. थोरलीची चिठ्ठी येते, धाकटी ती न वाचताच फाडते. मी पुढं वाचत गेले आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की तुझे हात हलत नाहीत.

"थांब जरा," तू म्हणालीस. "माह्या बहिणीनंबी धाडली होती एक."

मावशीचं नाव आपल्या घरात निघत नसे. ती आलापल्लीला, मावसाजी तिथं लाकडाच्या डेपोत, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं तू त्या दुपारी सांगितलंस. आजी शेवटी मावशीकडं होती. ती गेली तेव्हा पावसाळा होता, नदीला पूर, रस्ता बंद. निरोप उशिरा मिळाला आणि तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. मावशीनं तुझ्यासमोर पाण्याचा गडवा धरला आणि तू तो न घेताच दारातून परत फिरलीस. "तुनं मले मायचं तोंड नाई दिसू देल्लं. तुह्या घरी आता पाय नाई ठेवणार मी." दोन वर्षांनी मावशीची चिठ्ठी आली. पोस्टमन वाचून दाखवतो म्हणाला, तर तू ती त्याच्या हातातून घेतलीस आणि त्याच्यासमोरच चुलीत टाकलीस.

"काय लिवलं असंन वं तिनं?" तू मला विचारलंस, जणू मला ते पुस्तकात सापडणार होतं.

त्यानंतर चारपाच दिवसांनी तू सुके झिंगे निवडून एका डब्यात भरलेस. मावशीला झिंग्यांची चटणी फार आवडायची म्हणे. "येत्या सोमवारी जाऊ," तू म्हणालीस. "चंद्रपूरवरून गाडी भेटते. तू चाल संगं, मले पाट्या वाचता येत नाई." मी हूं म्हटलं. मला जायचं नव्हतं. अख्खा दिवस गाडीत बसायचं, अनोळखी घरात जायचं, आणि माझ्या मैत्रिणीकडं दुसरी कादंबरी येऊन पडली होती. खरं सांगू का, मला ही कादंबरीही आता कधी संपते असं झालं होतं. तू सकाळी बाजारात गेलीस की मी पुढं पुढं वाचून काढायचे आणि दुपारी तेच तुला परत मोठ्यानं वाचायचं. पुस्तक माझं कधीच वाचून झालं होतं. शेवट मला माहीत होता. धाकटी म्हातारपणी मन घट्ट करून बहिणीच्या गावी जाते, आणि दाराला कुलूप असतं. शेजारची बाई सांगते, थोरलीला जाऊन पंधरा दिवस झाले.

ते वाचून मी एक सकाळभर रडले होते. पण तुझ्यासमोर दीडशे पानं अजून वाचायची होती. रविवारी तू विचारलंस, "शेवटी भेटतात का वं दोघी? नाई, खरं सांग. मले उद्या जायचं हाय, जीव घाबरून राह्यला. ती दार उघडंन का नाई, कोणाले मालूम."

मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "भेटतात."

"कवा?"

"म्हाताऱ्या झाल्यावर. केस पांढरे झाल्यावर भेटतात. एका ताटात जेवतात." ताटाचं मी माझ्या मनानं घातलं.

तू हसलीस. किती दिवसांनी तसं हसलीस. आणि म्हणालीस, "म्हाताऱ्या झाल्यावर? मंग तं आमचं लय लवकर होऊन राह्यलं." सुई पुन्हा जाळ्यात घातलीस. "असं करू मंग. आता उन्हातान्हात रिकाम्या हातानं काऊन जा? धानाचा रोवणा होऊ दे. दिवाळीत नवीन तांदूळ घेऊन जाऊ. घाई काय हाय."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. "माय, मी खोटं बोलले, भेटत नाहीत त्या, उद्याच जाऊ," एवढंच. तोंडाशी आलंही होतं. पण सोमवार माझा मोकळा झाला होता. मी म्हटलं, "हो, दिवाळीत बरं राहीन." दुपारी मी मैत्रिणीकडं जाऊन ती दुसरी कादंबरी घेऊन आले, आणि आपलं वाचन तिथंच थांबलं.

मावशी पोळ्याच्या चार दिवस आधी गेली. हिवताप डोक्यात चढून, तीन दिवसांत. डेपोतला एक माणूस आपल्याकडच्या गावी येत होता, त्याच्याबरोबर निरोप आला. तू रडली नाहीस. तो झिंग्यांचा डबा उचललास, दोन लुगडी पिशवीत घातलीस आणि मला म्हणालीस, "चाल." गाडीत खिडकीशी तू बसली आहेस, डबा मांडीवर, आष्टीचा पूल येतो, खाली नदी भरून चालली आहे, पण रस्ता चालू आहे. या खेपेला रस्ता चालू होता, माय. पुलावर तू माझ्याकडं बघून तसं म्हणालीसही, आणि मी बाहेर बघायला लागले.

मावसाजी अंगणातल्या बाजेवर बसले होते. त्यांनीच आत जाऊन पाण्याचा गडवा आणला. तू तो दोन्ही हातांनी घेतलास, पूर्ण प्यायलीस, आणि मग विचारलंस, "भाऊजी, तिनं मले चिठ्ठी धाडली होती. त्याच्यात काय लिवलं होतं?"

"मीच लिवली होती," ते म्हणाले. "ती सांगे, मी लिवो. काई नाई, मायचं हिरवं लुगडं तुह्यासाठी ठेवलं हाय म्हणे, तं घेऊन जा. आन् औंदा बोडीत मासोळी कशी हाय, ते कळव." मग म्हणाले, "वाट पाहे ती. उत्तर आलं नाई, तं म्हणे, तिले वाचून दाखवाले कोणी नसंन."

ते लुगडं त्यांच्या सुनेनं पेटीतून काढून दिलं. तू ते तिथंच नेसलीस आणि मग चुलीजवळ जाऊन पाट्यावर झिंग्यांची चटणी वाटलीस, सगळ्यांना वाढलीस. सुतकाच्या घरात असं कुणी करतं का, म्हणून सून माझ्याकडं बघत राहिली. मावसाजींनी तिला खुणेनं गप्प केलं.

परतीच्या गाडीत तू एकच वाक्य बोललीस. "पुस्तकातल्या त्या दोघी नशिबाच्या होत्या. लिवणारा चांगला माणूस होता, त्यानं भेटवलं."

ते वाक्य मी गेली कितीतरी वर्षं घेऊन फिरते आहे. तू माझ्यावर एकदा ओरडली असतीस तर बरं झालं असतं. पण तुला ओरडायला काही कारणच मी ठेवलं नव्हतं. उलट तू ती गोष्ट पुढं सांगत राहिलीस. बोडीच्या पाळीवर, रोवण्याच्या बांधीत, बाजारात गिऱ्हाईक नसलं की शेजारच्या बाईला. दरवर्षी तुझी गोष्ट थोडी वाढायची. शेवटच्या जेवणाच्या ताटात तू झिंग्यांची चटणी आणलीस, मग भाकर आणलीस, मग धाकटीनं थोरलीला भरवलेला पहिला घास आणलास. बायका डोळे पुसायच्या. मी डीएड करून गडचिरोलीकडं शाळेवर लागले, सुट्टीत घरी आले की कुणीतरी मला हटकून म्हणायचं, "बाई, तुह्या मायची गोष्ट लय सुंदर हाय." मी हो म्हणायचे.

चंद्रपूरच्या दवाखान्यात तू शेवटचे आठ दिवस होतीस. एका दुपारी तू म्हणालीस, "त्या दोघी भेटतात ते पान वाचून दाखव नं. तेवढं तुनं कधी वाचलंच नाई, तोंडीच सांगतलं." ती कादंबरी मी कधीच परत दिली होती. पिशवीत शाळेचं एक इतिहासाचं पुस्तक होतं. मी ते उघडून तुझ्या खाटेशी बसले आणि वाचू लागले. थोरलीनं दार उघडलं. मी एका दमात कितीतरी वेळ वाचत राहिले, पायरी, अंगण, ताट, घास, तुझीच गोष्ट तुला. तू डोळे मिटून ऐकत होतीस. संपल्यावर पुस्तक मिटलं, तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालीस, "पान नाई उलटवलं तुनं एकबी."

तू पुढं काही विचारलं नाहीस. माझा हात तेवढा शोधून धरलास. तुला त्या दुपारी कळलं, की आष्टीच्या पुलावरच कळलं होतं, हे विचारायला माझ्याकडं अजून तीन दिवस होते. मी ते औषधं आणण्यात घालवले.

आणखी एक सांगायचं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या शाळेत मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग मी घ्यायचे. तू महिनाभर माझ्याकडं राहायला आली होतीस, आणि एका संध्याकाळी पाटी घेऊन त्या बायकांत शेवटी येऊन बसलीस. "मलेबी शिकव," म्हणालीस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माय, तुहे डोळे आता कमजोर झाले, तुले नाई जमणार." तू पाटी शेजारच्या बाईला देऊन उठलीस. त्या दिवशी सकाळीच तू माझ्या डोळ्यांदेखत सुईत दोरा ओवला होतास, पहिल्याच झटक्यात. तुला शिकवायला मला फार तर दोन महिने लागले असते. आपल्या गावात त्या कादंबरीची आणखी एक प्रत होती, खऱ्या शेवटासकट, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तुला शिकवलं नाही.