ओट्याखालची सरहद्द

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण महिनाभर मी डोंगराच्या माथ्यावर तंबूत उंदरांची वाट बघत बसलो होतो. या वयात लोक जावयाची वाट बघतात. असो. पण या खेपेला तुझ्या भावाने मैदान मारलं. खालच्या शेतांतला लांब शेपटीचा उंदीर थेट माथ्यावर माझ्या पिंजऱ्यात सापडला. उन्हाळे कडक होताहेत तसे हे वर सरकणार, असं मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि विभागातले लोक जांभया देताहेत. आता देऊन बघा म्हणावं.

काळजी माथ्यावरच्या आखूडशेपट्या उंदराची. त्याला जगायला थंड हवा लागते, आणि त्याच्या वर आता डोंगरच नाही. माथा जपा, असा अहवाल लिहिलाय. सोमवारच्या बैठकीत वाचणार आहे. आणखी एक नवल म्हणजे सापडलेल्या सगळ्या लांबशेपट्यांच्या कानावर गुलाबी ठिपका आहे. वरच्या हवेने रंग बदलला असावा, असं मी ठोकून दिलंय.

लोभ उंदरांवर असतो तेवढा माझ्यावरही असावा.
तुझा धाकटा

७ मार्च

चि. उंदीरमामास,
अनेक आशीर्वाद. (तुझे भाचे तुला याच नावाने ओळखतात, त्याला मी काय करू?)

पत्र वाचून आधी हसले आणि मग मला घाम फुटला. सोमवारच्या आत मिळावं म्हणून हे जीपवाल्याच्या हातीच पाठवतेय. तो ठिपका माझ्या नेलपॉलिशचा आहे.

ओट्याखाली उंदरांनी उच्छाद मांडलाय. मारवत नाहीत, लहानपणी तू रडून घर डोक्यावर घ्यायचास, तेव्हापासूनची सवय. म्हणून पिंजऱ्यात धरते आणि सकाळी फिरायला जाताना पिशवीतून माथ्यावर नेऊन सोडते. तोच परत येतो का, ते कळावं म्हणून ठिपका. तू पलीकडच्या अंगाला आहेस हे ठाऊक असतं तर डबा आणला असता. पण तू त्याच बाजूने चढतोस आणि उतरतोस, घराकडे फिरकत नाहीस. तुझ्या कामाचं मी वाटोळं केलं का, तेवढं कळव.

तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अहवाल वाचला नाही. उंदीर बहिणीच्या पिशवीतून वर आले, असं भर बैठकीत सांगितलं. चहा देणारासुद्धा हसला. साहेबांनी विचारलं, पिशवी कापडी होती का. मीही हसलो, दुसरं काय करणार?

घरी येऊन जोडे काढताना एकदम लक्षात आलं. आपलं घर डोंगराच्या मध्यावर. आई असताना तिथे फक्त आखूडशेपटे होते. मी एकाला शेपटीने उचलायला गेलो, शेपूट हाती येईना आणि चावा मात्र मिळाला, आठवतं? मग लांबशेपटे तुझ्या ओट्याखाली कुणी आणले? ते आपल्या पायांनी आले. मी माथ्यावर कुडकुडत त्यांची सरहद्द शोधत होतो आणि ती तुझ्या ओट्याखालून कधीच पुढे गेली होती. इतकी वर्षं शिकून ही अक्कल.

आता थट्टा नाही. यापुढे एकही वर नेऊ नकोस. आखूडशेपट्यांचं तिथे शेवटचं घर आहे. महिनाभरात मला एकच सापडली, म्हातारी मादी. मला भीती वाटते, ताई.

तुझा धाकटा

२८ मार्च

चि. उंदीरमामास,
अनेक आशीर्वाद.

आखूडशेपटा घरात शेवटचा कधी दिसला ते मला आठवत नाही. गेले तेही कळलं नाही, याचंच फार वाईट वाटलं. मी वर नेलेले मीच परत आणायचं ठरवलं. रोज पिंजरा घेऊन माथ्यावर बसते. येणारेजाणारे मला वेडी समजतात. तुझी सख्खी बहीण शोभते. तीन ठिपकेवाले परत मिळाले. ते पडवीत आहेत, खाताहेत आणि फुगताहेत. त्यांचं काय करायचं ते येऊन सांग, आणि या खेपेला घराच्या रस्त्याने ये.

काल पिंजऱ्यात एक आखूडशेपटा शिरला होता. दार उघडलं तरी बराच वेळ तसाच बसून राहिला. नेलपॉलिश पिशवीत होतं, पण लावलं नाही. याला कुठे नेऊन सोडायचं, असा प्रश्नच नव्हता. होता तिथेच सोडला.

वाट बघतेय.
तुझी ताई