कन्नड बोलायला शेजारचा बसप्पा

मंगळवार, संध्याकाळ

देवघराचा चौरंग, माडीचा जिना, माझ्या लेकीचं, कविताचं अभ्यासाचं टेबल, दारासमोरचा कट्टा. सगळं माझ्या हातचं, कुणी शिकवलं नाही. कन्नडसुद्धा तशीच, बाजारात ऐकत आणि पाट्या वाचत कमावली.

कविताला कॉलेजात भाषांचा मायनर, म्हणजे जोडविषय घ्यायचाय, त्यात तिनं कन्नड निवडली. पेपर आहेतच, शिवाय दर आठवड्याला चांगली कन्नड येणाऱ्या माणसाशी तासभर बोलायची अट आहे. मी धरूनच चाललो होतो की माझंच नाव देईल. तिनं शेजारच्या बसप्पाचं दिलं! तो जन्मापासून कन्नड बोलतो, त्यात त्याची काय कमाई?

आत्ता दोघं कट्ट्यावर बसून हसतायत. काय एवढं हसण्यासारखं असतंय?

दुपारी तिला विचारलंच, "मी काय मेलो होतो?"

"आप्पा, घरात मराठीच बोलायची, हे तुमीच सांगताय न्हवं? तुमच्यासंगं कन्नड बोलाय लागलं की कुणा परक्याशी बोलल्यागत वाटतंय."

नियम माझाच, कबूल. पण मग त्या परक्या बसप्पाशी बोलताना एवढं हसू येतंय कसं? तास कधीच संपलाय, तरी उठत नाहीत.

वर तिच्या सरांचा फोन, माझी कन्नड त्यांच्या कानावर गेलेली. वर्गातल्या बाकीच्या पोरांना कन्नड बोलायला माणूस हवाय, दर शनिवारी याल का? माझी पोरगी सोडून लोकांच्या पोरांशी? नको म्हणून सांगितलं. तासाला तीनशे रुपये देणार होते.