हत्तीचे शॉकअप

५ नोव्हेंबर
नवी वही. ही फक्त गाडीची. घरातलं दुखणंबिखणं यात लिहायचं न्हाय, त्याला हॉस्पिटलची फाईल आहे.

ठराव: हत्तीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा आणि दोन्ही शॉकअप बदलणे. स्वतःच्या हातानं. पुढच्या खेपेच्या आत. हत्ती म्हणजे माझी गाडी. सात सीटर, डिझेल, केए तेवीस पासिंग, दिव्या बालवाडीत होती तेव्हा घेतली. आता दिव्या निपाणीच्या पतसंस्थेत क्लार्क आहे आणि हत्ती अजून एका सेल्फला चालू होतो. मागून जरा बसलाय एवढंच. बंपर दाबून सोडला की डुलत राहतो. शॉकअपमधनं तेल पाझरतंय. वयाप्रमाणं होतंय.

कारण: काल हिला पहिल्या किमोला बेळगावला नेलं. (लिहिलं शेवटी. पण गाडीच्या संदर्भात आहे, चालतंय.) हायवे ठीक. रुंदीकरणाची डायव्हर्शनं सोडली तर राजरस्ता. पण गावापासून हायवेपर्यंतचा आमचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी पार उखणून टाकलाय. हिचं दुखणं मणक्यात उतरलंय, खड्डा आला की हिसका थेट तिथं. दिव्या मागनं ओरडली, आप्पा, सावकाश. सावकाश घेतली. मग दिवस मावळला. आम्ही जैन, आणि त्यात ही नेमाची कडक. दिवस मावळल्यावर जेवण न्हाय, पाणी न्हाय. अंथऊ, म्हणजे दिवसाउजेडीचं जेवण, चुकलं. पाणी न्हाय म्हणून दुखण्याची गोळी पण न्हाय. दिव्यानं माझ्याकडं असं बघितलं जसा सूर्य मीच बुडवला.

म्हणजे हिशेब सरळ आहे. सावकाश गेलं तर उपास, जोरात गेलं तर हिसके. नवे शॉकअप बसले की दोन्ही मिटलं.

ता. क. हॉस्पिटलात आत दिव्या गेली. मी पार्किंगमध्ये थांबलो. जुनी गाडी अशी बेवारशी सोडता येत न्हाय.

८ नोव्हेंबर
परशराम मिस्त्रीकडं गेलतो. म्हणाला, अण्णा, सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जावा. एका दिवसात! एका दिवसात होणारं काम कधी चांगलं असतंय? त्याचा हात हातोड्यावरच जास्त. हत्तीला हातोडा चालत न्हाय. मीच करणार. यूट्यूबवर केरळचा एक गडी चहा निवायच्या आत चारही शॉकअप बदलतो. भाषा कळली न्हाय, पण नट सगळ्या देशात एकाच बाजूला सुटतोय.

१७ नोव्हेंबर
कोल्हापूरहून माल आणला. अस्सल. केवढा खोका! वर शॉकअपचं रंगीत चित्र. वखारीत ठेवणार होतो, पण तिथं तंबाखूची ओल, लोखंड गंजायचं. म्हणून हिच्या कॉटशेजारी ठेवला. हिनं विचारलं, हे काय? म्हटलं, तुझी गादी. हिसका म्हणून लागणार न्हाय आता. हसली. लई दिवसांनी. लगेच त्यावर जुना टॉवेल टाकून गोळ्या आणि तांब्या मांडला. बाईमाणसाला सपाट जागा दिसली की राहवत न्हाय.

२४ नोव्हेंबर
उद्या दुसरी किमो. आज कामाला हात घातला. जॅक लावला, खाली दगड रचले, मागचं चाक काढलं. इथपर्यंत केरळवाल्यापेक्षा भारी. नंतर नट. गंजून एकजीव झालेला. रॉकेल घातलं. वाट बघितली. शिव्या घातल्या, पहिल्यांदा मराठीत, मग कन्नडमध्ये. कन्नड मला व्यापारापुरतं उत्तम येतंय, पण रागवायला मराठीच बरी.

रॉकेल रात्रभर मुरलं पायजे. म्हणजे उद्या हत्ती तीन पायांवर. म्हणजे बस. दिव्या म्हणाली, भाड्याची गाडी करूया. दारात हत्ती उभा असताना भाड्याची गाडी? गाव काय म्हणेल? आवाज चढला माझा. ही आतनं म्हणाली, राहू दे गं, त्यांची होईल आता, बसनं जाऊ.

हिला गाडीतलं कळतंय.

२५ नोव्हेंबर
गेल्या आणि आल्या. दिवे लागल्यावर आल्या, म्हणजे ताट तसंच झाकून. दिव्या म्हणाली, बसमध्ये जागा होती तरी आई बेळगावपर्यंत दांडीला धरून उभी होती. बसलं की जास्त लागतंय म्हणे. हिला पहिल्यापासून उभं राहूनच कामं करायची सवय. त्यात नवीन काय.

नट हलला न्हाय. चाक परत बसवलं. दगडांचा भरवसा न्हाय.

९ डिसेंबर
पान्याला पाईप जोडून सगळं अंग टाकलं. बोल्ट तुटला. एका अर्थी चांगलं झालं, आता नट सोडवायची भानगडच उरली न्हाय. फक्त बोट चेचलं. मी ओरडलो असणार, कारण ही कॉटवरनं उठून भिंतीला धरत धरत आली आणि हळद दाबून बसली. म्हणाली, लई दुखतंय का हो? मी म्हटलं, तुला न्हाय कळायचं.

१६ डिसेंबर
तिसरी किमो. बस. बोल्ट लेथवाल्याकडं, म्हणून माझा नाइलाज. मी यायला तयार होतो, पण दोघी गेल्या तर तिसऱ्या माणसाचं तिथं काय काम? आत तो वास असतो. वासानं माझं डोकं धरतंय. पहिल्या खेपेला एकदा दारातनं वाकून बघितलं होतं. ओळीनं खुर्च्या, ओळीनं बाटल्या. हिचा हात कुठला आणि दुसरीचा कुठला कळेना. तेवढ्यात गाडीची आठवण झाली. काच उघडी राहिलती.

२९ डिसेंबर
मोठी प्रगती. लेथवाल्यानं बोल्ट नवा करून दिला. तूर्त जुनेच शॉकअप परत चढवले. तात्पुरते. उद्या अमावास्या, नव्या लोखंडाला हात लावायचा न्हाय. पण हात रिकामा बसेना. जुने शॉकअप ब्रशनं घासले, रॉकेलनं धुतले, काळा रंग दिला. स्प्रिंगांना पिवळा. काय दिसतंय! खाली वाकून पाहिलं की डोळे निवतात. तेल पाझरायचं थांबलं. रंगानं सीलच झालं म्हणायचं.

शेजारचा भरमू आला. म्हणाला, अण्णा, नवे बसवले व्हय? मी म्हटलं, बघ की तूच. खोटं बोललो न्हाय. दिव्यानं विचारलं, झाली का गाडी? म्हटलं, झाली. रंगकाम झालंच होतं.

५ जानेवारी
दिव्या वखारीत आली. दार लावून घेतलं. म्हणाली, डॉक्टर म्हणालेत, आता बस अजिबात नको, मणका ठिसूळ झालाय, आडवं करून न्यायचं. तुमच्यानं होत नसेल तर आताच सांगा, मी भाड्याची गाडी ठरवते.

माझ्यानं होत नसेल! भुजबली पाटलाला विचारती! म्हटलं, उद्या हत्ती जाणार. मी नेणार. गाडी झालीया म्हणून सांगितलं न्हाय का?

रात्री खोका उघडून बसवावं असं वाटलं होतं. पण खोका हिच्या उशाशी, त्यावर औषधं, ही नुकती डोळा लागलेली. झोपमोड कशाला करायची. परत आल्यावर निवांत बसवू.

७ जानेवारी
काल. सविस्तर लिहितो, कारण असा दिवस परत यायचा न्हाय.

जाताना मागची सीट पाडून गादी घातली. ही आडवी, डोकं दिव्याच्या मांडीवर. गेलो सावकाश. बेळगावात दोघी आत, मी पार्किंगमध्ये. वॉचमन म्हणाला, काका, गाडी लई जपलीया. माणूस जाणकार.

सुटायला उशीर झाला. ऊन उतरायला लागलं तरी बाहेर येईनात. आल्या तेव्हा दिव्याचा चेहरा पडलेला. गाडीत बसल्यावर बाहेर बघत म्हणाली, डॉक्टर म्हणालेत, आता इथं आणायची गरज न्हाय. घरीच ठेवा. आवडेल ते खायला घाला.

मी स्टिअरिंगवर थाप मारली. वा! आणायची गरज न्हाय. पथ्यसुद्धा संपलं. मी पहिल्यापासून म्हणत होतो की हे काही तसलं दुखणं न्हाय. पोरगी मात्र खिडकीकडं तोंड करून बसलेली. शिकलेल्या पोरींना आनंद कसा करायचा ते शिकवत न्हाईत.

मग मी हत्ती सोडला. अंथऊ चुकवायचं न्हाय हे मनात पक्कं. संकेश्वर मागं पडलं, घाट उतरलो. दर वेळी स्तवनिधीचं देऊळ दिसलं की ही हात जोडते. काल जोडले न्हाईत. झोप लागली असणार, एवढी गाडी गपगार. गावच्या रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य कासराभर वर. सावकाश घ्यायचा प्रश्नच नव्हता. खड्डे काय, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या काय, सगळ्यावरनं हत्ती सरळ. एकदा मागं काहीतरी आदळल्याचा आवाज आला, बहुतेक जॅक. मी ओरडून विचारलं, लागतंय का गं? ही म्हणाली, न्हाय. लई मऊ झालीया गाडी. रस्ता नवा केला का काय?

असं म्हणाली. शब्द न् शब्द असाच.

दारात उतरलो तेव्हा अजून उजेड होता. दोन घास दूधभात खाल्ला. गोळी घेतली, पाणी प्याली. नेम राखला गेला. माझ्यामुळं.

आणि महत्त्वाचं म्हणजे जुन्या शॉकअपात जीव होता. माझ्या हाताला आधीच कळलंतं, म्हणून बसवायची घाई केली न्हाय. ही दुकानदार मंडळी लोकांना उगाच खर्चात घालतात. खोका परत द्यायचा. चिठ्ठी शोधणे.

९ जानेवारी
निपाणीहून पेढे आणले. भरमूच्या घरी देऊन आलो, म्हटलं, हिची ट्रीटमेंट संपली. भरमूची बायको माझ्याकडं बघतच राहिली. दुसरा पुडा दिव्यानं माझ्या हातातनं काढून घेतला आणि कपाटात ठेवला.

ही आज उठली न्हाय. दमली असणार प्रवासानं.

११ जानेवारी
सकाळी दिव्या चहा द्यायला वाकली. बाही वर सरकली. मनगटावर चार निळे डाग, एका ओळीत. एक जागा फुटून खपली धरलेली. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही न्हाय. परत विचारलं. मग सांगितलं. कप खाली ठेवून, सावकाश, मी लहान असल्यासारखं.

आईनं धरलं होतं म्हणाली. बेळगावपासनं दारापर्यंत. घाटाच्या पुढं उशीचा कोपरा तोंडात घेतला होता. मी ओरडून विचारलं तेव्हा तो काढून उत्तर दिलं आणि परत घातला. दिव्या म्हणाली, मी सांगणार होते तुम्हाला थांबवा म्हणून, आईनं मान हलवून नको म्हटलं.

आणि आणायची गरज न्हाय याचा अर्थ पण सांगितला. अर्थ मला कळत होता. मराठीच आहे ते.

हिच्या खोलीत गेलो. झोपलेली. खोक्यावरचा टॉवेल उचलला. चिकटपट्टी तशीच, मीच लावलेली. चित्र हिच्या उशीकडं तोंड करून. धूळ कुठंच न्हाय, रोज पुसत होती. दोन महिने ही त्या चित्राकडं बघून झोपली आणि मला म्हणाली, लई मऊ झालीया गाडी.

मी मूर्ख आहे. अजून काय लिहायचं.

१२ जानेवारी
परशराम मिस्त्रीला घरी बोलावलं. जेवायच्या आत त्यानं चारही वस्तू बदलल्या. हातोडा लागला, लागू दिला. जुने शॉकअप खाली टाकले तर दाबलेले वर येईनात. परशराम म्हणाला, अण्णा, ह्यात काहीच राहिलं नव्हतं, तुम्ही ह्याच्यावर बेळगाव केलं? मी म्हटलं, व्हय.

एकटाच हायवेपर्यंत गेलो आणि आलो. त्याच खड्ड्यांवरनं, तसाच जोरात. हिसका कळला न्हाय. खरंच कळत न्हाय.

घरी आलो तर ही जागी. परशरामचा आवाज ऐकलेला असणार. खोका दिसत नव्हता, गोळ्या आता खुर्चीवर. म्हणाली, आता कशी चाललीया? मी कॉटवर बसलो. म्हटलं, परवा तू आत होतीस तेव्हा चालली तशीच. मऊ. हिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. हसताना पाठीत कळ आली तशी डोळे मिटून माझा हात धरला. नखं लागली. सोडवला न्हाय.

अजून ऊन आहे. दिव्या भात आणते म्हणाली.