एका बाजूला बोटभर जास्त

आत्या, नांदेडला शिकत असताना माझी पाठ दुखायला लागली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी जे सांगितलं ते चूक होतं. मी म्हटलं, दुष्काळात आत्यानं रोज डाव्या कमरेवर घागर आणायला लावली, म्हणून माझा कणा वाकला. त्या हसल्या. "असं असतं तर तुमच्या औशाच्या निम्म्या बायका वाकड्या झाल्या असत्या की!" घागरीनं असं होत नाही. बहुतेक वेळा कारण कळतच नाही, वाढीच्या वयात कणा आपला आपण वळत जातो. तू जाऊन आता दहा वर्षं झाली, आणि त्या बाई भेटेपर्यंत मी तुझ्यावर आळ घेत आले.

त्यांनी मला पाय जुळवून, हात सोडून पुढे वाकायला लावलं. उजवीकडच्या बरगड्या उंच दिसल्या, कारण कणा झुकतो तसा पिळतोही. मग एक्स-रेवर रेघा ओढून कोन मोजला. तो फार नाही, ऑपरेशन नको, व्यायाम करा म्हणाल्या. पाठीला बांधायचा पट्टा? तो वाढत्या वयात. झालेला बाक त्यानं जात नाही, पण वाढायचा थांबू शकतो. माझी वाढ संपली होती.

तेव्हा मला तुझं शिलाई मशीन आठवलं. शाळेआधी तू मला बाराखडी शिकवलीस ती तिथंच, कापडावर, शिंप्याच्या खडूनं. मी बारा वर्षांची, तू पोलक्याचं माप घेते आहेस.

"नीट उभी ऱ्हा की गं."

"नीटच हाय आत्या."

तू पुन्हा टेप लावलास आणि एका बाजूला कापड बोटभर जास्त ठेवून कापलंस. "कुणाला कळायचं न्हाई बघ." खरंच कळलं नाही, आईलासुद्धा. माझी लाज राखलीस. पण डॉक्टरला दाखवायची वेळही तशीच गेली.

आता दादाच्या मुलीला अकरावं लागलंय. परवा तिच्या फ्रॉकचं माप घेतलं, तर एक खांदा वर. माझीही कात्री तशीच चालायला निघाली होती. खाली ठेवली. वहिनीला म्हटलं, लातूर आता जिल्हा झालाय, तिथं एक्स-रे निघतो, दाखवू या.

"पोरीच्या पाठीचा बोभाटा करता व्हय वन्सं? उद्या कोण करून घेईल तिला? तुमची पाठ नीट हाय, तुम्हाला बोलायला काय जातंय?"

मी फ्रॉकचं कापड न कापताच घडी घालून ठेवलं.

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच. माझी पाठ मी या घरात तुझ्याशिवाय कुणाला दाखवलेली नाही, आणि वहिनीपुढं पोलकं काढायची मला अजून भीती वाटते. आज गुरुवार. सोमवारी पोरीला घेऊन लातूरची एसटी धरायची, म्हणजे वहिनीला माझी पाठ दाखवायची ती रविवारी दुपारी, दादा बाजाराला गेल्यावर.