बिनवासाचा साबण

२४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! विचिटापासून बसचा दिवसभराचा प्रवास, आईने बांधून दिलेलं मीटलोफचं सँडविच अर्ध्या वाटेतच फस्त. स्टॉपवर माझ्या नव्या मालकीणबाई, ओपल, स्वतः पिकअप घेऊन आल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, काटक, टोपीवर गव्हाचा भुसा. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, की पोरी, तुझ्यापेक्षा माझ्या माद्यांच्या अंगावर जास्त मांस आहे, खण तरी ओढता येईल ना तुला?

घरामागे पूर्वीचा डुकरांचा गोठा आहे. आता आत भिंतभर कपाटं, कपाटांत खण आणि खणाखणात एकेक बॉल पायथन. म्हणजे घाबरला की चेंडूसारखा गोळा होऊन डोकं आत लपवणारा आखूड अजगर. सापांची मला मुळीच भीती नाही, असं मी फोनवर ठोकून दिलं होतं. निघालं भलतंच, तेच मला घाबरतात.

माझी खोली माडीवर. पलंग मात्र लहान मुलाचा, उशाशी घोड्यांची चित्रं चिकटवलेली. माझे पाय बाहेर लोंबतात. कुणाचा म्हणून विचारलं, तर ओपल म्हणाल्या, घराबरोबर आला असेल.

टेसाला व्हिडिओवर सगळं दाखवलं. सहा वर्षांची माझी लेक आजीच्या मांडीवर बसून माझा निळा स्कार्फ नाकाशी धरून होती. त्याला तुझा वास येतो म्हणाली. खोली लागली, जम बसला, की तिला घेऊन यायचं. नाताळपर्यंत नक्की. तसं मी तिला वचन दिलंय.

६ नोव्हेंबर

हंगाम सुरू झाला. दिवसाची ऊब तेवढीच ठेवायची, रात्रीची थोडी उतरवायची. जेमतेम एवढीच, की वर्ष पालटलं असं त्यांना वाटावं. एकदम गार केलं तर छाती भरून मरतात. हडकुळ्या मादीला यंदा नराजवळ सोडायचं नाही, कारण अंडी होईपर्यंत ती बहुधा काही खाणार नाही. ओपल हे सगळं सांगताना माझ्याकडे बघत नाहीत, सापांकडे बघून बोलतात.

आज हवेचा दाब उतरायला लागला तशा त्या खुशीत येऊन म्हणाल्या, की वादळ येतंय, आण नवरदेवांना. आम्ही नर सोडले. बाहेर पाऊस, आत कपाटभर लग्नं.

टेसाचा पहिला दात पडला. खालचा, डावीकडचा. तिने फोनवर फट दाखवली आणि जीभ बाहेर काढून हसली. मी तिथे नव्हते. दिवसभर मनाला खात राहिलं.

२३ डिसेंबर

नाताळला गेले नाही. आईला सांगितलं, की हंगाम ऐन भरात आहे, ओपल एकट्या पडतील. खोटं. ओपल तर म्हणाल्या, की जा की घरी, साप काय तुझ्यासाठी झाड सजवून बसलेत?

खरं इथे लिहिते. मला इथे बरं वाटतं. कॉफी शेवटच्या घोटापर्यंत गरम पिते. कुणी हाक मारत नाही. कसली आई मी! टेसाने फोन घ्यायलाच नकार दिला आणि मला एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. मग त्या क्षणाची इतकी लाज वाटली, की गोठ्यात जाऊन सगळ्यांचं पाणी बदललं. आधीच बदललेलं होतं.

१९ फेब्रुवारी

बिस्किट नावाची माझी लाडकी मादी आहे, बिस्किटाच्याच रंगाची. आज तिचं पोट मध्येच टरारून फुगलं. ओपलनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, की धरलंन हिने. आता ती कात टाकेल, त्यानंतर महिन्याभराने अंडी. तोवर खाणं नाही, पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून पडायचं, कधी उताणं. तिचं उताणं पोट बघून मला माझे ते दिवस आठवले. असंच मोठ्ठं पोट, शिवाय पाय सुजलेले.

टेसाला नवीन वचन. अंडी झाली, की मी आलेच. ती म्हणाली, तू मागेपण म्हणाली होतीस.

२६ मार्च

पहिली अंडी! मादी त्यांच्याभोवती घट्ट वेटोळं घालून बसते. एकेक वळसा हाताने सोडवावा लागतो. ती चावत नाही, फक्त आवळत राहते. अंडी उबवणीच्या पेटीत गेली. मग आईला धुवायचं, खण धुवायचा. अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेवर बसून राहते, खात नाही. वास गेला, की विसरते आणि उंदीर गिळते.

बाकीचे लोक भांड्यांचा साबण वापरतात म्हणे. ओपल नाक मुरडतात, की त्याने वास पुरता जात नाही. त्यांचा साबण त्या स्वतः परसात चरबी कढवून करतात. राखाडी वडी. नाकाशी धरली, तर कशाचाच वास नाही. हाताचाही येईना.

मी उघड्या हातांनी मादीला धुतलं. धुताना सारखी टेसा आठवत होती. सगळं झाल्यावर मात्र फार हलकं वाटलं. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. टेसाला फोन करायचा राहिला.

४ एप्रिल

रोज धुणं चाललंय. आईचा फोन आला, चांगलीच तापली होती. काल टेसाचा वाढदिवस होता. ती केक न कापता दाराशी बसून होती.

मी विसरले नव्हते. विसरल्यावर आठवतं तरी. इथे त्या तारखेची जागाच कोरी होती. आणि आईने एवढं झाडलं, तरी वाईट वाटेना. शोधलं मी. खिशात किल्ली शोधतो तसं. नाही सापडलं.

तिचा दात पडला होता, तो वरचा की खालचा?

१२ एप्रिल

ईस्टर. पन्नाशीचा एक माणूस आला, ग्लेन नावाचा, टोपीकावरून. ओपलना तो आई म्हणाला. त्या म्हणाल्या, की साहेब, नर हवाय का मादी? त्याने एक पिल्लू घेतलं. त्यांनी कुळी सांगितली, पार पणजोबापर्यंत, न अडखळता.

अंगणात तो मला म्हणाला, की माडीवरचा पलंग माझा. आईबाप वेगळे झाले त्या उन्हाळ्यात तो बापाकडे गेला. आई रात्रंदिवस रडायची. मग तिने कळवलं, की आता बरी आहे, कामात जीव रमलाय. तो परत आला, तर दारात उभी राहून म्हणाली, की कुणाचा रे तू, बाळ? डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. साप मात्र ती एकही विसरत नाही.

दर ईस्टरला तो एक साप घेतो. तेवढाच वेळ ती त्याच्याशी बोलते. घर भरलंय म्हणाला.

१३ एप्रिल

मागची पानं वाचली. खालचा, डावीकडचा. मीच लिहिलंय. वाचूनही चित्र येत नाही.

त्या वडीने मादीच नाही, मीही विसरतेय. साबण बंद. शनिवारी निघायचं. आज बिस्किटची अंडी काढली आणि तिला गुपचूप भांड्यांच्या साबणाने धुतलं. ती रिकाम्या जागेला वेटोळं घालून बसलीय. ओपलना लगेच कळलं. म्हणाल्या, की दया करायला निघालीस, आता ती उपाशी मरेल. तुझ्या मायेने तिचं पोट भरणार आहे का?

१५ एप्रिल

साबण सोडला आणि सगळं परत आलं. एकदम. दाराशी बसलेली टेसा. केक. बस निघाली तेव्हा मी मान वळवून पाहिलं नव्हतं, तेही.

तिचा फोन आला. रडली नाही. म्हणाली, की स्कार्फचा वास संपला, दुसरा पाठव.

नाही सहन होत. मी तिच्यासाठी रडत नाहीये, माझ्यासाठी रडतेय, हे तर सगळ्यात —

वडी मोरीवरच आहे. फक्त आजच्यापुरतं. शनिवारी तर जायचंच आहे. फक्त तोवर —

१६ एप्रिल

छान झोप.

१८ एप्रिल

आज शनिवार. मागे लिहिलंय, की निघायचं. कुठे?

२१ एप्रिल

आईचा फोन. टेसा, टेसा करत होती. आई म्हातारी झाली. वाईट वाटलं तिचं. तिला म्हटलं, ये इकडे चार दिवस, हवापालट होईल. 

बिस्किट अजून खात नाही. कातडी सैल पडली.

२६ एप्रिल

आई आली. बरोबर एक लहान मुलगी, हातात निळा स्कार्फ. माझ्याकडे होता तसाच.

मुलगी धावत आली, कंबरेला मिठी मारली. घट्ट. पोटाशी नाक खुपसलं आणि मग सैल झाली. मागे सरून बघत राहिली. हसली असती तर दाताची फट — मला कसं माहीत?

आई खुर्चीत बसून रडतेय. मला म्हणतेय, की बघ तिच्याकडे, एकदा नीट बघ. बघतेय की मी. गोड पोर आहे. काहीतरी राहून गेलंय. काय, ते —

वही काढली. पानोपानी टेसा. अक्षर माझं.

मुलगी गोठ्यात शिरलीय. बिस्किटच्या पाठीवरून हात फिरवतेय. विचारतेय, की हिच्याजवळ काहीच नाही, मग ही काय धरून बसलीय?



ओपल आल्या. मुलीच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला. म्हणाल्या, की सापाला हात लावलास ना, राणी? चल, मोरीवर, स्वच्छ धुऊन टाकू. मुलगी माझ्याकडे बघतेय. जाऊ का, विचारतेय.

नळ सुटला.

त्या साबणाबद्दल काहीतरी आहे. काहीतरी होतं. मागे मीच लिहिलंय, ईस्टरच्या आसपास, हे पान नाही, हेही नाही — थांबा, तिला हात नका लावू देऊ — कुणाला? का? एक मिनिट, सापडलं, इथे लिहिलंय, की