पंचवीस पावलांचं काडतूस

टिम्बर फोर्क, मिझुरी
११ फेब्रुवारी

ती. लोरीनताईस, धाकट्या हार्लनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. टल्सात लेकीच्या घरी चढायला एक टेकडीसुद्धा नाही म्हणून कुरकुरतेस, पण ऑपरेशन झालेल्या खुब्याला ते सपाट गाव मानवलेलं दिसतंय. डॉक्टर एप्रिलमध्ये तुला इकडे सोडणार हे वाचून ओपलने तुझी गादी उन्हात टाकली. अंगणात बर्फ होता, तरी टाकली.

ठरल्याप्रमाणे तू मादीच्या आवाजात रानटर्कीच्या नराला हाक घालायचीस आणि मी बंदूक धरायची. पण ताई, गेल्या वसंतातला तो नर माझ्या डोक्यातून जात नाही. चाळीस पावलांवरून मारला, पडला, उठला आणि लंगडत झुडपात शिरला. दिवसभर रांगत शोधला, पण नाही सापडला. मारायचं तर एका झटक्यात मारावं. त्याला झुरत मरायला सोडलं हे माझ्या घशाखाली उतरत नाही. कागदावर खात्री पटल्याशिवाय यंदा मी रानात पाऊल टाकणार नाही, मग तू आलीस तरी नाही.

दोष काडतुसांचा आहे. म्हणून दुकानातली लांबात लांब, जोरकसात जोरकस आणली. कुरणात फळी उभी केली, तिच्यावर कागद लावला आणि ओपलने त्यावर टर्कीचं डोकं काढलं. ते थेट आमच्या पाद्रीबुवांसारखं झालंय, त्यामुळे नेम धरताना जरा अवघडायला होतं. शिशाचे छर्रे डोक्याच्या खाली, डावीकडे गेले. दुसऱ्या कंपनीचेही तिकडेच. टंगस्टनचे बारीक छर्रे लांबवर घट्ट जातात म्हणतात, ते आणले, तर तेही तिथेच! हल्ली कुणाला काडतूस धड भरता येत नाही. आता आणखी जोरकस मागवतोय.

जिन्यावरून जपून चाल. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा हार्लन

टल्सा
१९ फेब्रुवारी

चि. हार्लन यास अ. उ. आ.

सत्तरीच्या माणसाला चिरंजीव लिहिताना मला अजून हसू येतं, पण तू वागतोसच तसा. नाचता येईना अंगण वाकडं! अरे, तीन कंपन्यांनी संगनमत करून तुझ्या डावीकडे छर्रे पाठवले का? सगळी काडतुसं एकाच जागी जात असतील, तर त्यांच्यात एकच गोष्ट सारखी आहे, आणि ती तुझ्या टोपीखाली आहे.

एक कर. पाठ फिरवून उभा राहा आणि बंदूक ओपलला भरू दे. कधी खरं काडतूस, कधी झडलेलं रिकामं. आत कुठलं आहे ते तुला कळता कामा नये. मग नेम धर आणि चाप ओढ. आपल्या डोंगरातले बाप पोरांना असंच तपासतात. तुला तपासायचं राहून गेलं असेल.

रागावलास तर रागाव. पण मी एप्रिलात येणार आणि तुझ्या शेजारी बसणार, हे लक्षात ठेव.

वडिलकीच्या हक्काने कान धरणारी,
लोरीनताई

टिम्बर फोर्क
४ मार्च

ती. लोरीनवन्सं यांस, ओपलचा सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. तुमचं पत्र आल्यावर आठवडाभर घरात तोंड फुगलेलं होतं. टल्सात बसून ताईला काय दिसतंय, असं भिंतीला ऐकवणं चालू होतं. मग शनिवारी आपणहून बंदूक माझ्या हातात दिली आणि पाठ करून उभे राहिले.

पहिलं मी खरं भरलं. दुसरं रिकामं. चाप ओढल्यावर नुसतं टक् झालं, पण नळीचं तोंड असं खाली आपटलं, की जणू बार उडालाच! आणि डोळे गच्च मिटलेले. मी म्हटलं, हात निसटला असेल, पुन्हा बघू. पुन्हा रिकामंच भरलं आणि पुन्हा तेच झालं. मग हे गाडीच्या मागच्या फळीवर जाऊन बसले आणि टोपी काढून हातात धरली.

वन्सं, दोन वर्षांपूर्वी कोठाराच्या शिडीवरून पडले, तेव्हापासून खांदा दुखतोय. प्रत्येक बाराला दाढ उपटल्यासारखं होतं, म्हणून चाप ओढतानाच अंग आखडतं आणि नळी खाली जाते, म्हणाले. जितकं जोरकस काडतूस, तितका मोठा धक्का, आणि हे आपले आणखी जोरकस आणत होते. इतकी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नाही. माझी मलाच लाज वाटली. आता बंदूक विकतो, ताईला येऊ नको म्हणून कळव, असं म्हणतायत. मी कळवणार नाही. तुम्हीच काहीतरी लिहा. तुमचं ऐकतात, फक्त दाखवत नाहीत.

तुमच्या वाटेकडे डोळे लावलेली,
ओपल

टल्सा
१० मार्च

चि. हार्लन यास अ. उ. आ.

ओपलवर डाफरू नकोस. तिने कळवलं नसतं तर मी तिला बोलले असते.

खांदा दुखतो यात लाजण्यासारखं काय आहे? माझा खुबा लोखंडाचा आहे, मी गावभर सांगत फिरते. जोरकस काडतूस लांबच्या पल्ल्यासाठी असतं. तुला लांबचा पल्ला हवाच कशाला? खारींसाठी वापरतोस ती आखूड, हलकी काडतुसं घे. टर्कीसाठी त्यांतली जाड छर्‍यांची मिळतात. फळी जवळ आण. जिथे पाद्रीबुवांची चाळण होईल आणि तुझे डोळे उघडे राहतील, ती तुझी हद्द. टर्कीला तिथवर आणायचं काम माझ्याकडे लागलं. लाकडी डबीवर झाकण घासून मादीची हाक काढायला खांदा लागत नाही, खुबाही नाही.

बंदूक विकलीस तर मी रुसेन. माझा रुसवा तुला ठाऊक आहे.
ताई

टिम्बर फोर्क
२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

मोजक्या शब्दांत लिहितो, कारण तुझं बरोबर होतं हे लांबवून लिहायला जड जातं. हलकी काडतुसं आणली. पंचवीस पावलांवर पाद्रीबुवांच्या मानेत बोट ठेवायला जागा उरली नाही. ओपल मधेच रिकामं भरते, तरी नळी आता जागची हलत नाही. तिसाच्या पुढे मात्र छर्रे विखुरतात.

म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पंचवीस पावलांवर काठी रोवणार आहे. तिच्या पलीकडे मी चाप ओढणार नाही. तुझी ही शेवटची खेप ठरेल, असं तू फोनवर ओपलला म्हणालीस. तिने तेही मला सांगितलं. तरीही ओढणार नाही.

अळंब्या यंदा लवकर उगवल्यात. ये लवकर.
हार्लन

टल्सा
२७ एप्रिल

चि. हार्लन यास अनेक, अगदी अनेक आशीर्वाद.

शेवटच्या दिवशी रानातून घरी येईपर्यंत मी तुझ्याशी अवाक्षर बोलले नाही, आणि ओपलच्या तळलेल्या अळंब्यांनाही नावं ठेवली. म्हणून रीतसर लिहायला बसले आहे.

काय नर होता रे तो! पिसारा फुलवून, मान लाल करून, काठीच्या पलीकडे येरझाऱ्या घालत राहिला. मी डबी घासघास घासली, तरी मेला पुढे येईना. तेव्हा मीच तुझ्या कानाशी लागले आणि मार म्हटलं. तू मान हलवलीस. मी पुन्हा म्हटलं. तू बंदूक मांडीवर ठेवलीस. तो सावकाश डोंगरापलीकडे निघून गेला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पुढचा एप्रिल मला दिसेल की नाही कोण जाणे, हे तुला ठाऊक होतं. एक पाखरू ताईला द्यायला काय हरकत होती, असंच वाटत राहिलं. मग टल्साला परतताना लेकीने, रेनेने, गाडीत विचारलं की मामाचा नेम चुकला का. मी म्हटलं, नाही, त्याने बार काढलाच नाही. आणि ते बोलता बोलता अशी रडायला लागले, की तिला गाडी कडेला घ्यावी लागली.

ज्या लांबच्या बारापायी तू वर्षभर झुरलास, तोच मी तुझ्याकडे मागत होते. तू मला नाही म्हणालास. जन्मात पहिल्यांदा! हार्लन, आपल्या घराण्यात नेम सगळ्यांचाच चांगला. हातातोंडाशी आलेलं सोडून देणारा तूच पहिला निघालास.

खांदा डॉक्टरला दाखव. ओपलला सांग, अळंब्या उत्तम झाल्या होत्या, मीच खाष्ट आहे.

तुझा अभिमान बाळगून असलेली,
ताई